दोन नंबरच्या नर्सचे आभार

मी फोनवर बोलायला लागले की फोनची तशी गरज उरत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. नाशिकला आईला कमी ऐकू येतं, शिवाय कुवेत ते नाशिक हे अंतर काही थोडंथोडकं नाही, तेव्हा आवाज जरा चढा लावलेला बरा, असा माझा साधा विचार. सकाळी नवरा रिफायनरीच्या बसने गेला, लेक शाळेला गेली, की मी कुवेतच्या एगैला भागातल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात उभी राहून आईशी बोलते. गुडघा कसा आहे, भाजी काय केलीस, समोरचीची सून माहेराहून आली की नाही. खिडकीबाहेर इमारतीचा डक्ट आहे आणि त्यातून माझा आवाज तळमजल्यापासून गच्चीपर्यंत फिरून येतो, हे मला बरीच वर्षं ठाऊकच नव्हतं.

मग एका सकाळी बेल वाजली. दारात एक उंच, किडकिडीत, पांढऱ्याशुभ्र केसांची गोरी बाई. वरच्या मजल्यावर कोणी अमेरिकन शिक्षिका राहते एवढं इमारतीच्या हारिसकडून, म्हणजे रखवालदाराकडून, कळलेलं होतं. आली ही भांडायला, असं समजून मी तयारीत राहिले. भांडणात मी मागे हटत नाही. फक्त इंग्रजीत भांडायचं म्हणजे आधी मनात वाक्य जुळवावं लागतं आणि तोवर राग निघून जातो.

"सकाळी फोनवर बोलता त्या तुम्हीच ना?" तिने इंग्रजीत विचारलं.

"हो," मी म्हटलं आणि वाक्य जुळवायला घेतलं.

"मला त्यातला एक शब्द कळत नाही. पण एकूण एक शब्द ऐकू येतो. तुम्ही कधी नाटकात काम केलंय का?"

माझ्या आवाजाबद्दल उभ्या जन्मात कोणी चांगलं बोललं नव्हतं. शाळेत समूहगीताला मला मागच्या रांगेत उभं करून 'तू नुसते ओठ हलव' म्हणून सांगितलं होतं. मी तिला हाताला धरून आत घेतलं आणि आल्याचा चहा टाकला.

त्या एका इंग्रजी शाळेत मुलांना नाटक शिकवायच्या. शिकवतात त्या बाई, तेव्हा आमच्या घरात त्यांचं नाव 'वरच्या बाई' पडलं ते पडलंच. लेक तेवढी त्यांना मिस म्हणायची. तिच्याशी मराठीत बोललं तरी उत्तर इंग्रजीतच येतं. मीही आता त्यावरून डोकं पिकवणं सोडून दिलंय.

बाईंचं पूर्वायुष्य कळलं ते एका रिकाम्या डब्यामुळे. एका चतुर्थीला मी त्यांना साबुदाण्याची खिचडी पाठवली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः डबा द्यायला आल्या. लख्ख घासलेला, आणि रिकामा. मला राहवेना. म्हटलं, "बाई, आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची."

दुसरी कोणी असती तर ओशाळली असती. बाई सोफ्यावर बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. मला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. अखेर डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तीन वर्षं मी टीव्हीवर हेच काम केलं. शेजारणीचं भांडं परत करायचं. आणि तिथेही ते रिकामंच असायचं!"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. टीव्हीवर? तिकडच्या, अमेरिकेच्या टीव्हीवर?

त्या दिवसापासून आमचे चहा लांबले. बाई आपण होऊन काही सांगायच्या नाहीत. विचारलं की सांगायच्या, आणि सांगताना स्वतःलाच हसायच्या. वडिलांचं ट्रकच्या टायरचं दुकान. शाळेच्या नाटकात काम केलं, गावाने टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्या भांडवलावर पोरगी बसमध्ये बसून टीव्हीच्या शहरात निघाली. "वडील म्हणाले, वर्षभरात परत येशील. मी म्हटलं, तुम्ही मला टीव्हीवर बघाल. दोघांचंही चुकलं. मी परत गेले नाही, आणि त्यांनी मला टीव्हीवर पाहिलं ते बहुतेक पाठमोरं."

पहिलं काम दवाखान्याच्या मालिकेत, दोन नंबरची नर्स. एक नंबरची नर्स बोलायची, दोन नंबरची ट्रे धरायची. मग एका पोलिसी मालिकेत बँकेवर दरोडा पडतो तेव्हा जमिनीवर पालथी पडलेली ओलीस. आणि मग प्रेत. प्रेताच्या कामात बाईंनी नाव कमावलं. श्वास रोखण्यात त्यांचा हातखंडा होता, त्यामुळे दिग्दर्शक खास बोलावून घ्यायचे. तिलाच मारा, ती हलत नाही, म्हणायचे. पापण्या कशा थरथरत नाहीत, असं माझ्या लेकीने विचारल्यावर बाई लगेच आमच्या गालिच्यावर आडव्या झाल्या. "पापण्या मिटायच्या आणि आतल्या आत हनुवटीकडे बघायचं. मग हलत नाहीत." एवढं बोलून त्या मेल्या. इतक्या झकास मेल्या की नेमका तेव्हाच कामावरून आलेला माझा नवरा एका पायातला बूट काढून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "हारिसला बोलावू का?"

शेजारणीचं काम त्यानंतरचं. हसवणारी घरगुती मालिका होती. दर आठवड्याला दार उघडायचं, बाई भांडं घेऊन उभ्या असायच्या, एक वाक्य बोलायच्या आणि जायच्या. लोक वाक्याच्या आधीच, दार उघडल्याबरोबर हसायचे. आणि एका भागात त्या घरातला नवरा सहज म्हणतो, शेजारीण दुसऱ्या गावी राहायला गेली. "मला ते टीव्ही बघतानाच कळलं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, बरं झालं सांगितलंत. सामान बांधायला घेते."

आणि मग ते मोठं काम. दुपारी रोज लागणारी मालिका. तिकडच्या बायकाही कामं आटोपून अशा मालिका बघतात हे ऐकून मला बरं वाटलं. बाई श्रीमंत माणसाची पहिली बायको. मोटारीचा अपघात, डोक्याला, चेहऱ्याला बँडेज, थेट कोमात. महिनोन्महिने बाई पलंगावर. मालिकेतले सगळे उशाशी येऊन रडायचे, आपली पापं कबूल करायचे, तिला कुठे ऐकू येतंय अशा समजुतीने इस्टेटीवरून भांडायचे. एक दिवस तू शुद्धीवर येशील आणि तिथून पुढे मालिका तुझी, असं बाईंना सांगितलेलं होतं. पडल्या पडल्या बाई त्या दिवसाची तालीम करायच्या. कुठलं बोट आधी हलेल, डोळे किती सावकाश उघडतील, पहिलं कोणाकडे बघायचं. तो दिवस आला. बँडेज सोडलं, आणि आत दुसरीच नटी. अपघातामुळे चेहरा बदलला म्हणे.

"कोमात तुम्ही आणि शुद्धीवर ती?" मी ओरडलेच. सगळ्या इमारतीला कळलं असणार.

"ती माझ्यापेक्षा सुंदर होती," बाई म्हणाल्या. "वाईटही नव्हती. पण तिने डोळे फार लवकर उघडले."

लेकीने लगेच हट्ट धरला, तुम्ही कसे उघडले असते ते दाखवा. प्रेत होऊन दाखवताना बाईंनी क्षणभर विचार केला नव्हता, पण या वेळी त्यांनी मान हलवली. "ते असं चहा पिताना करायचं नसतं. त्याला समोर लोक लागतात." त्यांचं हसू तेवढ्यापुरतं गेलं होतं. आम्ही दोघींनी मग विषय वाढवला नाही.

बाईंच्या मालिका शोधाव्यात म्हणून मी एकदा इंटरनेटवर त्यांचं नाव टाकलं, दारावरच्या पाटीवर आहे तेच. तर सोनेरी केसांची भलतीच कोणी निघाली. नटीच, पण मोठी. हातात पारितोषिकं, अंगात चमचमते झगे. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अरे हो, ती!" जशी काही लहानपणापासूनची ओळख. त्यांच्याकडे कलाकारांच्या संघटनेचा नियम असा, की एका नावाचे दोन सभासद चालत नाहीत. ती थोडी आधी पोचली. मागून आलेल्या बाईंना पडद्यापुरतं आजीचं नाव लावावं लागलं. मला हा नियम बिलकूल पटला नाही. आमच्या गल्लीत एकाच नावाच्या चार बायका सुखाने नांदत होत्या: गिरणीजवळची, मास्तरीणबाई, उंच, आणि चौथी नुसतीच.

"म्हणजे माझं काम ज्या नावावर आहे ते नाव माझं नाही," बाई म्हणाल्या, "आणि माझं नाव जिच्याकडे आहे तिचं काम मी केलेलं नाही."

"कोमातून उठली ती हीच का?"

"छे! आयुष्य इतकं नीट लिहिलेलं नसतं."

आजीच्या नावाने शोधल्यावर मात्र लेकीला एक अंधुक तुकडा सापडला. दार उघडतं, एक तरुण, लांब मानेची बाई भांडं पुढे करते, आणि हशा पिकतो. आम्ही तो सात-आठ वेळा पाहिला. दार उघडताच आम्हीही हसायचो.

कामं मिळेनाशी झाली तेव्हा बाईंनी नाटक शिकवण्याचा कोर्स केला. आखातातल्या शाळा घरही देतात आणि विमानाचं तिकीटही, असं कोणीतरी सांगितलं, म्हणून दोन वर्षांसाठी कुवेतला आल्या. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली माणसं इथे निवृत्त होऊनच परत जातात. आम्ही त्यातलेच, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

आता आमच्या मराठी मंडळाविषयी सांगायला हवं. दरवर्षी स्नेहसंमेलन होतं, त्यात मुलांचं मराठी नाटक असतं आणि त्यातलं अक्षरही कोणाला ऐकू येत नाही. आईबाप मोबाइलवर चित्रण करण्यात दंग, त्यामुळे कोणाची तक्रारही नसते. एका वर्षी मला त्याचा वैताग आला आणि मी बाईंना तालमीला घेऊन गेले. कार्यकारिणीतलं कोणीतरी म्हणालं, त्यांना मराठी कुठे येतं? बाई जरा वेळ मुलांचं ऐकत बसल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "मुलांना तरी कुठे येतंय?"

मग त्यांनी मुलांना शिकवलं. ओरडायचं नाही. शेवटच्या रांगेतला एक माणूस निवडायचा आणि फक्त त्याला सांगायचं. मधल्या सगळ्यांना आपोआप ऐकू जातं. त्या वर्षी नाटक ऐकू आलं. पुढे दरवर्षीच येऊ लागलं.

यंदा बाईंच्या शाळेने त्यांना निवृत्त केलं. अमेरिकेला बहिणीकडे जायचं ठरलं, आणि मंडळाने ठरवलं की स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्या त्याच. शाल, श्रीफळ, परिचय, सगळं रीतसर. मी धावतच वर गेले. परिचय म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगितलं, की आमच्यात पाहुण्याचं नाव आणि आजवरचं काम सगळ्यांसमोर वाचून दाखवतात.

"कुठलं नाव?" बाईंनी विचारलं.

"तुमचं. पाटीवरचं."

"आणि काम? माझंच?"

"मग काय माझं?"

त्या खिडकीजवळ गेल्या. बाहेर धूळ उडत होती, रस्त्यापलीकडचा मॉलही धड दिसत नव्हता, पण त्या बघत राहिल्या. "माझं नाव आणि माझं काम," त्या म्हणाल्या, "आजपर्यंत कोणी एका वाक्यात घेतलेलं नाही." मग वळून एकदम नेहमीसारख्या हसल्या आणि त्या दिवशी नेसायला माझी साडी मिळेल का ते विचारू लागल्या. मी खाली आले ते मनाशी ठरवूनच, की एका वाक्यात म्हणजे एका वाक्यातच घ्यायचं.

परिचय मी लिहिला. दोन नंबरची नर्स, ओलीस, प्रेत, शेजारीण, कोमा, काही गाळलं नाही. आमच्या चिटणीसांकडे दिला. ते तेलकंपनीत इंजिनिअर, गाव पुणे, स्वभावाने सरळ आणि कामाला वाघ. पण त्यांना प्रत्येक गोष्ट भारदस्त लागते. कागद वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वहिनी, 'प्रेताचं काम' हे जरा... बघतो मी. थोडं सजवून घेऊ." मी म्हटलं, भाषा सजवा, मजकूर तोच ठेवा. ते हो म्हणाले. मला आभारप्रदर्शन दिलं. आभार ही आमच्याकडे कोणालाच नको असलेली जबाबदारी, कारण तोवर लोक जेवणाकडे निघालेले असतात.

जेवण आमचे चाचा करतात. चाचा राजापूरकडचे, इथल्या हवल्ली भागात त्यांची खानावळ आहे, आणि मंडळाचं शाकाहारी जेवण ते असं करतात की बोटं चाटत राहावं. माणूस पैशाला मऊ पण मानाला कडक. मागे एकदा आभारात त्यांचं नाव घ्यायचं राहून गेलं. पुढच्या वर्षीपासून चाचांनी नियमच केला: आभारात आपलं नाव ऐकल्याशिवाय पातेल्यांवरची झाकणं उघडायची नाहीत. सगळ्यांना ते माहीत आहे. सगळे त्याला हसतात आणि निमूटपणे थांबतात.

कार्यक्रम हवल्लीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. बाई माझी आमसुली पैठणी नेसून आल्या. त्यांच्या उंचीला ती चार बोटं अपुरी पडत होती, पण त्या अशा चालल्या की ती तेवढीच नेसायची असते असं वाटावं. मुलांचं नाटक छान झालं. मग सत्कार. चिटणीस माइकपाशी आले, खिशातून कागद काढला, आणि माझ्याकडे बघून हसले. 'बघा आता' असलं हसू होतं ते.

त्यांनी बाईंचं नाव घेतलं. बाईंनी मान ताठ केली. आणि चिटणीस वाचू लागले: गाजलेल्या मालिकांची नावं, पारितोषिकं, गाजलेलं लग्न आणि त्याहून गाजलेला घटस्फोट, स्वतःच्या नावाचं अत्तर, जखमी घोड्यांसाठी काढलेली संस्था. त्यांनी पाटीवरचं नाव इंटरनेटवर टाकलं होतं. एवढी मोठी नटी आपल्या मंडळात आणि वहिनींनी साधेपणाने नर्स आणि प्रेतं लिहून दिली, असं त्यांना वाटलं असणार. फोटोतली सोनेरी बाई आणि ही पांढऱ्या केसांची? वय झालं की माणूस बदलतो, त्यात काय. हॉलमध्ये कुजबुज वाढली, मोबाइल वर झाले, पहिल्या रांगेतल्या बायका आपापले केस नीट करू लागल्या.

परिचय मराठीत होता, पण मालिकांची नावं इंग्रजी. बाईंना पहिल्या नावालाच कळलं. माझं त्यांच्याकडेच लक्ष होतं. त्यांचं हसू जागचं हललं नाही. पापणीसुद्धा हलली नाही. त्या मेल्या होत्या. आमच्या गालिच्यावर मेल्या होत्या तशाच, फक्त बसून. मला इतका संताप आला की कानशिलं तापली.

शाल घातली, हातात नारळ दिला. तो त्यांनी तिकडे पारितोषिकाची बाहुली धरतात तसा दोन्ही हातांनी छातीशी धरला, माइकवर म्हणाल्या, "तुमची मुलं गुणी आहेत. आभारी आहे," आणि खाली पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला, तो दुसरीसाठी.

मी चिटणीसांना विंगेत गाठलं. "अहो भाऊजी, या त्या नव्हेत!"

त्यांचा चेहरा उतरला. बिचाऱ्यांनी खरंच हौसेने केलं होतं. "आता काय करायचं वहिनी? जाहीर झालं. लोक खूश आहेत, बाईही काही बोलल्या नाहीत. राहू द्या आता. तुम्ही आभार उरका, लोकांना भूक लागलीय."

आभार उरका. मी माइकपाशी गेले तेव्हा खुर्च्या सरकू लागल्या होत्या, रांग लागली होती, मुलं पळत सुटली होती. हॉलच्या पार मागे, शेवटच्या रांगेच्याही मागे, चाचा मसालेभाताच्या पातेल्याच्या झाकणावर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झाकणं माझ्या हातात होती.

शेवटच्या रांगेतला एक माणूस निवडायचा. मी चाचांना निवडलं.

"प्रथम एक सांगायचं," मी म्हटलं. "मघाशी परिचय झाला तो बाईंच्याच नावाच्या दुसऱ्या नटीचा. नाव एक, माणसं दोन, घोटाळा झाला. आता आपल्या बाईंचे आभार. पहिले आभार दोन नंबरच्या नर्सचे. एक नंबरची बोलत असताना तिने हातातला ट्रे हलू दिला नाही."

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "वहिनी, आवरा!"

"वायच दम धरा," मागून चाचा म्हणाले. "माजं नाव याचंय अजून."

"आभार बँकेत पालथ्या पडलेल्या ओलिसाचे. दरोडेखोर हिरो झाले, तिचा चेहरासुद्धा दिसला नाही. आभार प्रेताचे. असं प्रेत अमेरिकेत दुसरं नव्हतं." इथे थोडे हसले. बरेच जण आपसूक थांबले होते. "आभार शेजारणीचे. तीन वर्षं ती भांडं परत करायला येत होती आणि अख्खी अमेरिका हसत होती. आणि आभार कोमातल्या बाईचे. महिनोन्महिने ती डोळे मिटून पडून राहिली, कारण तिला सांगितलं होतं, तू जागी झालीस की गोष्ट तुझी."

"मंग?" चाचांनी मागून विचारलं. झाकणावरचा हात त्यांनी काढला होता.

"मग बँडेज सोडलं, चाचा, तर आत दुसरीच नटी."

"आँ? ह्यो कसला न्याय?"

कोणी हसलं नाही. रांगेतले लोक माझ्याकडे वळले. वर्षानुवर्षं काम करून भलत्याला खुर्चीत बसलेलं बघणं काय असतं, ते आमच्या मंडळाला अमेरिकेतून शिकायला नको होतं.

"या सगळ्या एकच बाई," मी म्हटलं, आणि त्यांचं नाव घेतलं. पाटीवरचं. पूर्ण.

नर्स, बँक, कोमा, बँडेज आणि नाव, एवढे शब्द ओळखीचे होते. बाईंना कळलं होतं. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी मांडीवरचा नारळ उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवला, शालीच्या काठावर हात सोडले, मान मागे टेकवली आणि डोळे मिटले.

मला आधी वाटलं, रडू आवरतायत. मग उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट हलल्यासारखं झालं. थांबलं. पुन्हा हललं. ओठ कोरडे असल्यासारखे उघडले. मग पापण्या, इतक्या सावकाश की पाठीमागची माणसं टाचा उंचावून बघू लागली. डोळे उघडले ते आधी वरच्या दिव्याकडे, नुसतेच. आणि मग त्यांनी आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे, शांतपणे. या बाईला सगळं ऐकू येत होतं, हे तेव्हा मला समजलं. उशाशी कोण काय कबूल करून गेलं, कोणी कशावरून भांडण काढलं, ती पडल्या पडल्या सगळं ऐकत होती, आणि आता ती जागी होती. चिटणीसांनी नकळत मान खाली घातली.

मग माझी लेक उभी राहून टाळ्या वाजवायला लागली आणि ओरडली, "बाई!" मिस नाही, बाई. मग सगळाच हॉल उठला. मला रडू फुटलं, माइकसमोरच. माझं रडणंही माझ्या बोलण्यासारखंच आहे, तेव्हा सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

"चाचांचे आभार," मी कसंबसं म्हटलं, आणि झाकणं खणखणली.

पण चाचांनी रांगेतल्या पहिल्याला वाढलं नाही. पुऱ्या, भाजी, भात, श्रीखंड असं भरलेलं ताट घेऊन ते स्वतः हॉलभर चालत पुढे आले. "पयलं बाईंना," ते रांगेला म्हणाले. "इतके म्हैने कोमात होत्या. भूक लागली असंल."

काय म्हणाले ते, बाईंनी मला विचारलं. मी नाक पुसत सांगितलं. बाई हसल्या, मग त्यांचेही डोळे भरले, आणि दोन्ही हात ताटासाठी पुढे करत त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, खूप."